टाइप करून उत्तरलेखनाचा सराव होतो? नाही होत

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे उत्तरं सविस्तर लिहायची, आणि पुण्यात शास्त्री रोड, नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पेन-कागद सोडा. उत्तरं टाइप केली की निम्म्या वेळात दुप्पट सराव होतो. टॅबलेटवरच्या नोट्समध्ये काहीही सर्च करता येतं, त्यामुळे वेगळी उजळणी लागत नाही. शुद्धलेखन ॲप सुधारतं. आणि उत्तरं एआय तपासून देतो, म्हणजे टेस्ट सिरीजचे (सराव पेपर देऊन तपासून घेण्याचे) पैसे वाचले.

मी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासतो. या मेसेजवर विसंबलेल्यांचे पेपर माझ्यासमोर येतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी दुप्पट सरावाचं बघू. राज्यसेवेचा नवा आराखडा यूपीएससीच्या धर्तीवर आहे. तिथे सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीनपैकी कुठल्याही एका पेपरात ३ तासांत २० प्रश्न असतात, १० प्रश्न १५० शब्दांचे आणि १० प्रश्न २५० शब्दांचे. शब्दमर्यादा पूर्ण वापरली तर ४,००० शब्द होतात. एका प्रश्नाला सरासरी ९ मिनिटं मिळतात, आणि त्यातच प्रश्न वाचायचा, विचार करायचा, लिहायचं. हे सगळं हाताने. टाइप करून तयारी केलेल्या मुलाची उत्तरपत्रिका लगेच ओळखू येते. पहिली काही उत्तरं देखणी असतात, समास सोडलेला, मुद्दे अधोरेखित. दुसऱ्या तासानंतर ओळी उतरत्या होतात, अनुस्वार गळायला लागतात, आणि शेवटच्या प्रश्नाखाली दोन ओळी नि एक बाण. विषय त्याला येत असतो, हे त्या बाणावरूनच कळतं. हात चाललेला नसतो.

आणि प्रश्न फक्त वेगाचाही नाही. स्क्रीनवर आपण आधी सुचेल ते लिहितो, मग परिच्छेद वर-खाली करतो, प्रस्तावना शेवटी चिकटवतो. कागदावर ही सोय नाही. पहिलं वाक्य लिहिण्याआधी उत्तराचा आकार डोक्यात तयार असावा लागतो, आणि नेमकी हीच सवय टाइप करताना लागत नाही. भूगोलाच्या उत्तरात महाराष्ट्राचा कच्चा नकाशा काढून सह्याद्री, गोदावरी, भीमा, कृष्णा दाखवायला अर्धं मिनिट पुरतं, पण ते हात बसलेला असेल तर. कीबोर्डवर तो बसणार नाही.

ज्यांची परीक्षाच संगणकावर आहे त्यांना मात्र याच्या उलट सांगेन. परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी द्यायच्या जीआरईचा निबंध ३० मिनिटांत टाइप करायचा असतो आणि तिथल्या एडिटरमध्ये स्पेलिंग तपासायची सोय नसते. बँकांच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षांतही वर्णनात्मक उत्तरं टाइप करावी लागतात. त्यांनी टायपिंगचाच सराव करावा, फक्त ऑटोकरेक्ट बंद ठेवून. परीक्षा ज्या साधनावर, सराव त्याच साधनावर.

नोट्सच्या बाबतीत मेसेजमध्ये निम्मं खरं आहे. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दरवर्षी नवी येते, आकडे बदलतात. अशा गोष्टींसाठी डिजिटल नोट्ससारखी सोय नाही. हाताने लिहिलेल्या नोट्सच जास्त लक्षात राहतात असं सांगणारा २०१४ चा एक अभ्यास पेनवाले हिरिरीने पुढे करतात. पण तो पुन्हा करून पाहिला तेव्हा निष्कर्ष तितके ठाम निघाले नाहीत, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. माझा आक्षेप ‘उजळणी लागत नाही’ याला आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतरही जास्त लक्षात राहतो. सर्चमध्ये शब्द टाकला की आठवायचे कष्टच संपतात, आणि परीक्षा हॉलमध्ये सर्च नसतो.

शुद्धलेखनाचं तर सरळ आहे. फोन चूक परस्पर दुरुस्त करतो, आपल्याला ती झाल्याचंही कळत नाही. राज्यसेवेत मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर पात्रतेचे आहेत, त्यांत २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत.

राहिलं एआयचं. पंचायत राजच्या उत्तरात, त्याचा आढावा घेणाऱ्या राज्याच्या बोंगिरवार समिती आणि पी. बी. पाटील समिती यांच्या शिफारशींची सरमिसळ झालेली आणि तरीही एआयने ‘उत्तम’ म्हटलेली उत्तरं माझ्याकडे आली आहेत. तेच उत्तर दुसऱ्यांदा दिलं तर गुणही बदलतात. त्याला गुण विचारूच नका. कागदावर लिहिलेल्या उत्तराचा फोटो द्या आणि विचारा की प्रश्नाचा कोणता भाग सुटलाय, माझ्या मताच्या विरोधात काय म्हणता येईल. तिथे तो खरंच कामाला येतो. समित्या, वर्षं, कलमं मात्र पुस्तकातूनच पडताळायची.

टेस्ट सिरीजचे पैसे अनेकांकडे नसतात, हे मला पक्कं माहीत आहे. खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी भरून घरून आलेल्या पैशांत काही उरत नाही. अशांनी रूम पार्टनरशी पेपर अदलाबदल करून तपासावेत. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेबसाइटवर फुकट मिळतात, यूपीएससीच्याही मिळतात. आठवड्यातून एकदा कोऱ्या कागदांवर सलग ३ तास बसा, आणि तपासणाऱ्याला सांगा की शेवटचे पाच प्रश्न आधी वाच.