खरी गोम पाणी मोजण्यात

लहान मुलांच्या जुलाबांवरचा लेख आवडला, पण ‘ओआरएस (क्षार-साखरेचं पाणी) द्या’ एवढ्यावरच थांबलात. गेल्या पावसाळ्यात इथे धायरीला आमच्या दीड वर्षाच्या नातीला जुलाब लागले. मी आपली पाकिटातली चमचाभर पूड अंदाजाने पेल्यात ढवळून पाजत होते. डॉक्टरांनी चांगलंच फैलावर घेतलं! मोठं, साधारण २१ ग्रॅमचं पाकीट असेल तर ते अख्खंच्या अख्खं एक लिटर पाण्यात, उकळून गार केलेल्या. पाणी कमी पडलं तर क्षार-साखर जास्त होते आणि जुलाब उलट वाढू शकतात. उरलेलं २४ तासांनी ओतून टाकायचं. पाजायचं चमच्या-चमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. झिंकचं औषधही १४ दिवस पूर्ण, जुलाब थांबले तरी (सूनबाई चौथ्या दिवशीच बंद करायला निघाली होती). आणि हो, दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस समजून आणू नका. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली आहे. आमच्या छोट्या बाईसाहेबांना, म्हणजे नातीला, मात्र शेवटी भाताची पेजच पसंत पडली.