चाळिशीनंतरच्या पदव्युत्तर अभ्यासावरील आक्षेपांना उत्तर

चाळिशी उलटल्यावर इतिहास, साहित्य किंवा तत्त्वज्ञान या विषयांत एम.ए. करायला निघणे म्हणजे वेळ आणि पैसा पाण्यात घालणे होय, अशा अर्थाचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्यात चार कारणे दिली आहेत: या वयात मेंदू नवे काही स्वीकारत नाही, पदवीचा पगाराला उपयोग होत नाही, अशी माणसे तरुणांच्या जागा अडवतात, आणि आवडच असेल तर पुस्तके घरी बसून वाचता येतात. मला हा मजकूर पाठवणाऱ्यांपैकी दोघे अर्ज भरण्याच्या बेतात होते आणि तो वाचून थांबले, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. मी स्वतः सत्तेचाळिसाव्या वर्षी या अभ्यासाला बसलो आणि नोकरी सांभाळून तीन वर्षांत तो पुरा केला.

मेंदूविषयीच्या विधानात एक अंश खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. माहिती हाताळण्याचा वेग तरुणपणानंतर हळूहळू कमी होत जातो. पाठांतराला अधिक वेळ लागतो, हे मीही अनुभवले आहे. परंतु वेग म्हणजे सगळी बुद्धी नव्हे. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी 1956 मध्ये अमेरिकेतील सिएटलमध्ये सुरू केलेल्या आणि त्याच त्याच व्यक्तींची दर सात वर्षांनी चाचणी घेणाऱ्या दीर्घ अभ्यासात असे दिसले की शब्दांची जाण आणि अनुमान करण्याची क्षमता मध्यम वयात टिकून राहतात, आणि बहुतेक क्षमतांमधील ठळक घट साठीच्या आसपास किंवा त्यानंतरच दिसू लागते. मानव्यविद्यांच्या अभ्यासात घड्याळ लावून कोडी सोडवायची नसतात; एक अवघड उतारा चार वेळा वाचून त्यातला युक्तिवाद कुठे वळतो हे शोधायचे असते.

किंबहुना हा अभ्यास विशीतच करावा, ही समजूत त्या परंपरेच्या मुळाशीच जुळत नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात राज्यकर्त्यांच्या शिक्षणाचा जो आराखडा दिला आहे, त्यात युक्तिवादाच्या शास्त्राला प्रवेशच तिसाव्या वर्षी आहे, पाच वर्षे ते शिकल्यावर पंधरा वर्षे प्रत्यक्ष कारभारात घालवायची, आणि त्यातून टिकून राहिलेल्यांनी पन्नासाव्या वर्षी पुन्हा तत्त्वचिंतनाकडे वळायचे. कारणही त्याने दिले आहे: कोवळ्या वयात वादविवादाची चव लागली की मुले कुत्र्याच्या पिलांप्रमाणे दिसेल त्याचे लचके तोडत सुटतात. ॲरिस्टॉटलही नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या आरंभीच म्हणतो की राज्यशास्त्राच्या व्याख्यानांना तरुण हा योग्य श्रोता नव्हे, कारण ज्या व्यवहारांवर ती चर्चा उभी आहे त्यांचा त्याला अनुभव नसतो. या दोघांचे म्हणणे आज जसेच्या तसे लागू करावे असे मी म्हणणार नाही, कारण माझ्या वर्गातील सर्वांत तीक्ष्ण वाचक तेवीस वर्षांची होती. पण मधल्या वयात परत येणारा माणूस अस्थानी आहे, हे म्हणणे मात्र टिकत नाही.

पैशाचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. पगारवाढीच्या भरवशावर कर्ज काढून कोणी हा अभ्यास करू नये; पुढे पीएच.डी. करून पन्नाशीत प्राध्यापकी मिळेल अशी आशाही कोणाला लावू नये, कारण तरुणांनाच त्या जागा मिळताना मारामार आहे. परंतु तो मजकूर इथेच थांबत नाही. जे पगारात दिसत नाही त्याला किंमतच नाही, असे तो गृहीत धरतो. झेपेल एवढे शुल्क, अर्धवेळ नोंदणी आणि घरच्यांशी आधी झालेले स्पष्ट बोलणे, एवढे असेल तर हा खर्च उधळपट्टी ठरत नाही.

जागा अडवण्याचा आक्षेप थोडक्यात निकालात निघतो. दिवसा काम करणाऱ्यांना संध्याकाळी शिकवणाऱ्या लंडनच्या बर्कबेक या शिक्षणसंस्थेची स्थापना 1823 ची आहे. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठाचा लिबरल स्टडीजचा, म्हणजे अनेक विद्याशाखा एकत्र शिकवणारा, पदव्युत्तर अभ्यासक्रम 1953 मध्ये सुरू झाला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने 1971 मध्ये घरबसल्या शिकणारे पहिले विद्यार्थी घेतले. अशा जागा मुळात नोकरी-संसार असलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच निर्माण झाल्या आहेत.

राहिला शेवटचा मुद्दा, घरी वाचण्याचा. तो वरवर निरुत्तर करणारा वाटतो, कारण पुस्तक तेच असते. घरच्या वाचनात एकच गोष्ट नसते: आपल्याला अडवणारे माणूस. वीस वर्षे हाताखालच्या लोकांना आदेश देण्यात गेलेला मी सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकावर पहिला निबंध लिहायला बसलो, तेव्हा अँटिगनीच्या भावाच्या दफनाला बंदी घालणाऱ्या क्रेऑन राजाची बाजू मला आतून पटलेली होती. ‘जबाबदारीच्या जागेवरचा माणूस असाच वागणार, हे साहजिकच आहे,’ असे मी लिहिले. निबंध परत आला तेव्हा ‘साहजिकच’ या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात एकच शब्द होता: ‘कोणाला?’ वर्गात त्या तेवीस वर्षांच्या मुलीने हेमॉनचे भाषण काढून दाखवले. राजाचाच मुलगा बापाला सांगतो की नगर ती बंदी मोडणाऱ्या अँटिगनीसाठी हळहळते आहे, आणि पुरात वाकणारी झाडे वाचतात, ताठ राहणारी मुळासकट जातात. तुकोबांच्या लव्हाळ्यामुळे हा दृष्टान्त मला लहानपणापासून ओळखीचा होता, तरी मी ते पान दोनदा वाचून ओलांडले होते. माझ्या अनुभवाने मला क्रेऑन जवळचा केला आणि त्याच अनुभवाने हेमॉन दिसू दिला नाही. घरी एकट्याने वाचले असते तर यातला पहिला भागच माझ्या हाती लागला असता. तिसऱ्या खर्ड्यात मी ‘साहजिकच’ काढून टाकले, आणि त्याच्या जागी जे कारण लिहावे लागले ते दीड पान झाले.