पंचांग उतरवा, डॅशबोर्ड लावा

आपला व्यवसाय यापुढे केवळ डेटाच्या आधारे चालवायचा, असा निश्चय आपण केला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. (डेटाला मराठीत ‘विदा’ म्हणतात, परंतु हा शब्द बैठकीत उच्चारू नये, आपण साहित्य शिकलात असा संशय येतो.) त्यानंतरचे निकडीचे काम म्हणजे इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान असल्या विषयांचे पदवीधर कार्यालयातून अलगद दूर करणे. आकडा दाखवला की मान डोलावण्याऐवजी तो कोणी, कधी आणि कशासाठी मोजला असे ही माणसे विचारतात आणि चहा निवतो.

हे मी जवळून पाहिले आहे. पणजीत किराणा दुकानांची एक साखळी चालवणाऱ्यांच्या कार्यालयात २०२३ च्या जुलैमध्ये एक सुरेख आलेख पडद्यावर झळकला. आदल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस नारळ, गूळ, रवा आणि चण्याची डाळ यांची विक्री उसळली होती; म्हणून यंदाही ऑगस्टअखेरीस ती उसळणार, असे भाकीत संगणकाने केले आणि गोदामे भरली गेली. गोदाम सांभाळणारे एक प्रौढ गृहस्थ, शिक्षण बी. ए. मराठी, दारातूनच म्हणाले, “पण बाब, यंदा अधिक श्रावण आहे ना? चवथ पुढे गेली.” (चवथ म्हणजे आमची गणेश चतुर्थी.) त्यावर अधिक श्रावण नेमका कोणत्या रकान्यात आहे, अशी त्यांच्याकडे सौम्यपणे पृच्छा करण्यात आली. तो कोणत्याच रकान्यात नसल्यामुळे विषय संपला.

गणित चुकले नव्हते, हे मान्य करायला हवे. २०२२ ची चवथ ३१ ऑगस्टला होती, २०२३ ची १९ सप्टेंबरला. एवढीच गोष्ट आलेखाला कोणी सांगितली नव्हती. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीसाठी, आगाऊ आणलेले सुपारीचे घड सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सुकून काळवंडले, आणि ग्राहकांचा सणांतील रस ओसरत असल्याचा निष्कर्ष काढून उरलेल्या मालावर भरघोस सवलत जाहीर झाली. पुढे चवथीच्या आदल्या दोन दिवसांत रिकाम्या फळ्यांसमोर जी गर्दी लोटली, तिची नोंद ‘अनपेक्षित मागणी’ अशी झाली. आपणही असाच एखादा शब्द आधीपासून तयार ठेवावा.

भाषेच्या जाणकारांची तर मुळीच गरज नाही. “वा, काय सेवा! माशांच्या जेवणासाठी दोन तास थांबलो, पण समुद्र छान दिसत होता,” असा अभिप्राय एखाद्या पर्यटकाने लिहिला, तर संगणक त्यात ‘वा’ आणि ‘छान’ मोजून तो समाधानी ग्राहकांत जमा करतो. उपरोध ओळखणारा मनुष्य नेमून हा आनंद कशाला घालवायचा?

एक धोका मात्र सांगून ठेवतो. कोणी आपल्यासमोर दामोदर धर्मानंद कोसंबींचे नाव काढील. १९०७ साली आपल्याच गोव्यात जन्मलेला हा गणिती. गुणसूत्रावरील जनुकांची अंतरे काढण्याचे १९४४ चे त्यांचे सूत्र आनुवंशिकीत आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. एवढ्या बुद्धीत तत्काळ कर्ज देणारे एखादे अ‍ॅप सहज उभे राहिले असते. त्याऐवजी त्यांनी जुनी आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली, नाणी तराजूत घालून एकेक तोलली, आणि वापराने झिजलेल्या वजनावरून ती किती काळ हातोहात फिरली असावीत याचा हिशेब मांडला. तेवढ्यावर न थांबता भर्तृहरीच्या सुभाषितांची हस्तलिखिते ताडून चिकित्सक आवृत्तीही काढली. आकडे त्यांच्यापाशी भरपूर होते. परंतु ज्याने ते नाणे खर्चले त्या माणसाची चौकशी करण्याची खोड त्यांना होती, आणि अशी खोड तिमाही अहवालात बसत नाही. उदाहरण अपवादात्मक आहे असे म्हणून आपण पुढच्या स्लाइडकडे वळावे.

राहता राहिले गोदामाच्या भिंतीवरचे तिथीवार कॅलेंडर. ते उतरवून त्याच खिळ्याच्या जागी डॅशबोर्डचा पडदा बसवावा. आमच्याकडे तसेच केले. त्या गृहस्थांनी कॅलेंडर घरी नेले, आणि हल्ली दर जुलैत खरेदी विभागातली तरुण मंडळी त्यांच्याकडे चहाला जाऊन येतात. जाताना न्यायच्या मिठाईचा खर्च ‘डेटा-संकलन’ या सदराखाली दाखवला जातो.