माणशी 42 कंडोम? भागाकार बरोबर, बाकी सगळं चूक

ऑलिम्पिक आलं की हा फॉरवर्ड हमखास उगवतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: ‘रिओत साडेदहा हजार खेळाडूंना साडेचार लाख कंडोम वाटले, म्हणजे माणशी 42! आयोजकच स्वैराचाराला उत्तेजन देतात. शेवटी टोकियोत दोघांच्या भाराने मोडतील असे पुठ्ठ्याचे पलंग टाकून हे चाळे बंद करावे लागले.’ तीन वाक्यं, तीन घोळ.

आधी ते 42. भागाकार बरोबर आहे, पण क्रीडाग्रामात फक्त खेळाडू राहत नाहीत. प्रशिक्षक, डॉक्टर, मालिश करणारे, पथकांचे अधिकारीही असतात. शिवाय त्या साडेचार लाखांतले एक लाख स्त्रियांनी वापरायचे कंडोम होते. आणि घेतलेलं प्रत्येक पाकीट तिथेच फोडलं जातं असं कोणी सांगितलं? आठवण म्हणून मूठभर बॅगेत टाकणारे कमी नसतात. बीजिंगला 2008 साली पाकिटांवर ‘अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान’ हे ब्रीदवाक्य छापलं होतं (कल्पना कुणाची होती कोण जाणे), आणि उरलेल्यांचा पुढे लिलाव झाला. टोकियोच्या आयोजकांनी तर ते निघताना द्यायचं ठरवलं होतं, खेळाडूंनी मायदेशी नेऊन जनजागृती करावी म्हणून. वाटलेल्या छत्र्या मोजून पाऊस किती मिलिमीटर पडला ते सांगायचं, त्यातला हा प्रकार.

रिओबद्दल फॉरवर्ड एक गोष्ट गाळतो. त्या वर्षी, 2016 ला, ब्राझीलमध्ये झिकाची साथ येऊन गेली होती, आणि झिका डासांप्रमाणेच शरीरसंबंधातूनही पसरतो.

आता ‘उत्तेजन’. ही वाटावाटी 1988 च्या सोल ऑलिम्पिकपासूनची, तेव्हा आकडा होता 8,500. एड्सची दहशत होती आणि आजच्यासारखे उपचार हाताशी नव्हते. कंडोम सहज मिळाले म्हणून लोक जास्त संबंध ठेवतात का, हे शाळांमधल्या कंडोमवाटपाच्या निमित्ताने तपासून झालंय. तसं आढळलं नाही. विशी-पंचविशीतली, वर्षानुवर्षं कडक शिस्तीत सराव केलेली हजारो माणसं स्पर्धा संपल्यावर एका आवारात मोकळी होतात, तेव्हा काय होतं ते पाकिटांमुळे होत नाही. पाकिटं नसती तरी झालंच असतं, फक्त असुरक्षित.

याच रिओत पाण्यावर आधारित वंगणाच्या पावणेदोन लाख पुड्याही होत्या. त्यावर तर फॉरवर्डवाल्यांचा विशेष राग. पण जरा त्या खोलीत डोकावून बघा. खेळाडूच्या हाताशी सगळ्यात आधी काय सापडेल? मालिशचं तेल, नाहीतर पेट्रोलियम जेली. आणि नेमकं हेच लॅटेक्सचं वैरी आहे. तेल लागलं की काही मिनिटांत रबर कमजोर होतं आणि ऐन वेळी फाटतं. ती पुडी म्हणजे चैन नव्हे, कंडोमचाच अर्धा भाग आहे. पाकीट दाबून आत हवेचा फुगा लागतो का बघणं, मुदतीची तारीख वाचणं, चढवताना टोक चिमटीत धरणं, हे पदकविजेत्यालाही कुणीतरी सांगावंच लागतं. माझी खरी तक्रार असलीच तर हीच की टोपली भरून ठेवतात, पण हे सांगायला शेजारी माणूस असेलच याची खात्री नसते.

कंडोम म्हणजे चिलखत नाही, हेही कबूल. एचआयव्ही आणि गोनोरियापासून तो चांगला बचाव करतो. हर्पीस किंवा सिफिलिस न झाकलेल्या त्वचेवरूनही लागू शकतो, तिथे संरक्षण अर्धवट.

पलंगांचं एका परिच्छेदात उरकतो. पुठ्ठ्याचे पलंग कोविडची बंधनं येण्याआधीच, जानेवारी 2020 मध्ये दाखवले होते. कारण पुनर्वापर. वजन पेलायची क्षमता 200 किलो. आयर्लंडचा जिम्नॅस्ट ऱ्हिस मॅक्लेनाघन त्यावर उड्या मारून दाखवत होता, तो व्हिडिओ शोधा. पलंग शाबूत होता.

आणि हो, दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली ‘कंडोमांनी गटारं तुंबली’ ही बातमीही या फॉरवर्डला शेपूट म्हणून जोडलेली असते. स्पर्धा महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष माइक फेनेल यांनी तेव्हाच म्हटलं होतं की तसं असेल तर ती चांगलीच गोष्ट, खेळाडू जबाबदारीने वागतायत. पटतं. फक्त लॅटेक्स पाण्यात विरघळत नाही. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा असतो, संडासात नाही. एवढ्यापुरता मी फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने.