‘आपल्याला कोण हात लावतो?’ : एका फॉरवर्डला उत्तर

परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. करोनाच्या वर्षापासून तो अधूनमधून डोकं वर काढतोच. मजकूर थोडक्यात असा : रोगांना गावांची नावं पूर्वीपासून देतात, मग ट्रम्प ‘चायनीज व्हायरस’ म्हणाले तर बिघडलं काय? अमेरिकेतला आशियाई-द्वेष हे २०२० मध्ये माध्यमांनी काढलेलं खूळ. पोटावर पाय आला की लोक चिडणारच. आणि भांडण चिन्यांशी आहे. आपण शिकलेले, कमावते भारतीय, आपल्याला कोण हात लावतो? खाली चार अंगठे आणि दोन तिरंगे.

ग्रुपवर वाद घालू नये एवढं मलाही कळतं. म्हणून इथे लिहितोय.

आधी नावाचं. रोगांना गावांची नावं देत, हे खरं. ‘स्पॅनिश फ्लू’ स्पेनमधून आल्याचा पुरावा नाही, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. असे घोळ नकोत म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की नव्या रोगाला जागेचं नाव देऊ नका. ‘कोविड-१९’ हे नाव ११ फेब्रुवारी २०२० लाच जाहीर झालं होतं. मार्चमध्ये ट्रम्प यांच्या भाषणाच्या कागदाचा एका छायाचित्रकारानं जवळून फोटो काढला. त्यात टाइप केलेल्या ‘करोना’वर काट मारून जाड काळ्या पेननं ‘चायनीज’ लिहिलेलं स्पष्ट दिसतं. सवयीनं तोंडात आलेल्या शब्दासाठी कुणी खाडाखोड करत नाही.

‘२०२० मधलं खूळ’ या मुद्द्यासाठी १९०० सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत जाऊ. मार्चमध्ये तिथल्या चायनाटाउनमध्ये एका चिनी माणसाचा प्लेगनं मृत्यू झाला आणि वस्तीभोवती दोर बांधले गेले. पुढे पुन्हा नाकेबंदी झाली, तेव्हा तर तिची हद्द गोऱ्यांची घरं-दुकानं बाहेर राहतील अशी वळणं घेत आखली होती. म्हणजे प्लेगचे उंदीर माणसाचा रंग पाहून रस्ता ओलांडत असावेत! मेमध्ये हुकूम निघाला की आशियाई माणसाला लस टोचून घेतल्याशिवाय शहर सोडता येणार नाही. ही लस कोणती? सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १८९७ मध्ये आपल्या मुंबईत, भायखळ्याला तयार केलेली. त्याच साली पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं काय केलं ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र हे कोर्टात गेलं, आणि फक्त एका वंशाच्या लोकांवर लादलेली लस आणि नाकेबंदी दोन्ही न्यायाधीशांनी रद्द केल्या. गंमत अशी की त्याच सुमारास कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर हेन्री गेज ‘प्लेग नाहीच’ म्हणून सांगत होते. धंदा बुडायला नको ना.

आता पोटाचा मुद्दा. तो मी झटकून टाकणार नाही, कारण बेकारी खरी होती. १८७३ च्या मंदीनंतर कॅलिफोर्नियात हजारो लोक कामाविना होते. पण बेकारी का आली, हे सांगण्यापेक्षा कुणामुळे आली, हे सांगणं सोपं असतं. १८७७ मध्ये डेनिस कार्नी नावाचा कामगार पुढारी सॅन फ्रान्सिस्कोच्या मोकळ्या मैदानात सभा गाजवायचा. ‘चिन्यांनी चालतं व्हावं’ ही त्याच्या पक्षाची घोषणा. हा कार्नी स्वतः आयर्लंडहून आलेला! चिनी मजूर स्वस्तात राबतात ही त्याची तक्रार. पण रेल्वेमार्ग खोदणाऱ्या त्याच चिनी मजुरांनी जून १८६७ मध्ये गोऱ्यांइतका पगार मागून संप केला होता. कंपनीनं डोंगरात त्यांचं धान्य अडवलं आणि संप आठवडाभरात मोडला. त्या संपाची आठवण मैदानातल्या सभेत कोण काढणार? शिवाय चिन्यांना नागरिकत्व मिळत नव्हतं, म्हणजे मत नव्हतं. त्यांना शिव्या दिल्यानं कुणाचं एक मतही कमी होत नव्हतं. १८८० च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी चिन्यांविरुद्ध कलमं जाहीरनाम्यात घातली, आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा आला. तो १९४३ पर्यंत टिकला.

राहिलं ‘आपल्याला कोण हात लावतो’. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावानं लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीयांना झोपायच्या जागांतून ओढून काढलं आणि गावाबाहेर हाकललं. बहुतेक जण शीख होते, जमावाच्या लेखी सगळे ‘हिंदू’.

‘आम्ही त्यांच्यातले नव्हे’ हा युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही करून झालाय. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेले भगतसिंग थिंड म्हणाले, मी उच्चवर्णीय, म्हणजे आर्य, म्हणजे गोरा. मला नागरिकत्व द्या. १९२३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, आर्य असाल, पण सामान्य माणूस तुम्हाला गोरा म्हणणार नाही. मग आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. सरकार त्यांच्याही मागे लागलं. त्यांनी मात्र स्वतःचा खटला जिंकला.

आणि हे सगळं जुनं वाटत असेल तर १९८७ ची जर्सी सिटी आठवा. तिथे टिकलीवरून ‘डॉटबस्टर्स’ नाव घेतलेल्या टोळीनं वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं होतं की आम्ही फोनबुकात पटेल आडनाव पाहून घरं शोधतो. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये पोरांच्या टोळक्यानं एका भारतीय तरुणाला रस्त्यात मारहाण केली, त्यात तो गेला. शिकलेला होता. एका मोठ्या बँकेत मॅनेजर होता.