‘बायका स्वतःहूनच सोडतात’ या मेसेजला उत्तर

८ मार्चच्या शुभेच्छांमागोमाग आमच्या स्टाफच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. आठवडाभरात तोच मेसेज मी सोलापुरातल्या आणखी तीन ग्रुपवर पाहिला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: सायन्सला आता मुलीच जास्त आहेत, म्हणजे समानता आली. पुढे संशोधनात त्या दिसत नाहीत, कारण लग्नानंतर त्या स्वतःहून सोडतात. त्यांना दिलेल्या सवलतींमुळे दर्जा घसरतो. आणि जुन्या काळातल्या शास्त्रज्ञ कमला सोहोनींना कुठे सवलती होत्या? जिद्द असली की झालं. वीस वर्षं इथे फिजिक्स शिकवते आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत २९.५ लाख मुली आणि २७.७ लाख मुलगे आहेत. माझ्या वर्गातही पुढचे बाक मुलींचेच. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, आई विड्या वळते अशाही मुली त्यात आहेत आणि मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण त्याच सर्वेक्षणात इंजिनिअरिंगला मुली तीस टक्क्यांच्या आत आहेत, हे मेसेज सांगत नाही. आणि या बाकांवरच्या किती जणी पुढे कायम नोकरीवर येतात, हे तर त्यात विचारलेलंच नाही.

‘स्वतःहून सोडतात’ हे मात्र मला सर्वांत लागलं. माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते. ती दुसरीकडे थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थाच्या अगदी पातळ थरांवर, पीएचडी करत होती. काचेच्या पट्टीवर द्रावण फवारून फिल्म बसवायची आणि मग पट्टी फर्नेसमध्ये, म्हणजे भट्टीत, ठेवायची. तापमान हळूहळू चढवायचं, दोन तास तेवढंच धरायचं, मग फर्नेस आपोआप निवू द्यायची. घाईने दार उघडलं की फिल्मला तडे गेलेच. दुपारी तीनला सुरू केलं तर आठ वाजतात, आणि शिपाई साडेपाचला लॅबला कुलूप लावायचा. मुलग्यांना गाईड किल्ली देऊन जायचे. हिला देत नसत. “मुलीची जबाबदारी कोण घेणार?” म्हणायचे. काळजीपोटीच म्हणत, माणूस वाईट नव्हता. पण मुलग्यांची दिवसाला दोन सॅम्पल व्हायची आणि हिचं एक. साहजिकच पेपर त्यांचे आधी आले, आणि मुलाखतीत पेपरच मोजले गेले. शिवाय तिला विचारलं, “मिस्टर कुठे असतात? मूल लहान आहे, जमेल का?” तिच्याबरोबरच्या मुलग्याला घराबद्दल एक शब्द विचारला नाही.

मग तासिका तत्त्वावर काम. तास घेतला तर पैसे. दुसऱ्या बाळंतपणात तिचे तास दुसऱ्याला गेले आणि नव्या वर्षी पुन्हा अर्जापासून सुरुवात. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आली, पण तिच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. आज ती खासगी क्लासमध्ये ‘नीट’ परीक्षेच्या मुलांना शिकवते. मेसेजच्या हिशेबात हिने ‘स्वतःहून’ सोडलं! तासिकेवर पुरुषांचेही हाल आहेत, ते मी रोज बघते. पण त्यांचे तास मूल झालं म्हणून जात नाहीत.

ही एकटीची गोष्ट नाही. भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी २०१० मध्ये पीएचडी झालेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले हा अभ्यास करणाऱ्यांत होत्या. संशोधनाबाहेर राहिलेल्या स्त्रियांनी घरापेक्षा कितीतरी जास्त वेळा सांगितलेलं कारण होतं, नोकरीच मिळाली नाही.

सवलतींचं थोडक्यात. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जागा वाढवल्या. त्या जादा जागा आहेत, मुलग्यांची एकही कमी झाली नाही, आणि त्यांच्यासाठीही जेईई ॲडव्हान्स्ड पात्र व्हावंच लागतं. पीएचडीला यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, मुलींना दोन वर्षं वाढवून देते, प्रबंधाचे परीक्षक मात्र सगळ्यांना सारखेच. दर्जाचीच चिंता असेल तर २०१२ चा अमेरिकेतला प्रयोग बघावा. विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांकडे एकच अर्ज पाठवला, काहींना पुरुषाच्या नावाने, काहींना बाईच्या. बाईचं नाव दिसलं की तोच अर्ज कमी लायक ठरला आणि सुचवलेला पगार वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक डॉलरने घटला. स्त्री प्राध्यापकांनीही तेच केलं.

राहिल्या कमलाबाई. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मुलीला सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, कारण ती मुलगी होती. हटून बसल्यावर घेतलं, तेही वर्षभर अटींवर. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. ही जिद्द थोरच. पण त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले होते. विड्या वळणाऱ्या आईच्या मुलीला, दार बंद झाल्यावर कुठे हटून बसायचं हे कोण सांगणार?

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात नॅन्सी हॉपकिन्स या प्राध्यापिकेने टेप घेऊन सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळा मोजल्या, तेव्हा स्त्रियांना जागा कमी दिल्याचं दिसलं. १९९९ मध्ये संस्थेने भेदभाव जाहीरपणे मान्य केला. हे वाचून मी गेल्या वर्षी आमच्या लॅबच्या किल्लीसाठी वही घातली. किल्ली कोणी, किती वाजता घेतली, किती वाजता परत केली. पहिल्या महिन्यात साडेपाचनंतर एकाही मुलीची सही नव्हती. मग वॉचमनशी बोलले, जिन्यातला दिवा लावून घेतला, दोघींच्या घरी जाऊन आले. आता त्यांची सॅम्पलं तीनला फर्नेसमध्ये जातात. एकीचे वडील कारखान्यातून सुटले की आठ वाजता गेटपाशी सायकल घेऊन उभे असतात.