हिमनदी निवडताना घ्यावयाची काळजी

हिमालयातल्या हवामानबदलावर चार-पाच संस्थांनी मिळून संशोधन करायचं ठरवलंय? छान. आधी नाव शोधा. आद्याक्षरं जुळवली की एखादी नदी, पक्षी किंवा देवी निघाली पाहिजे. निघत नसेल तर विषय जरा इकडेतिकडे सरकवा. पहिली बैठक फेब्रुवारीत घ्या, आणि गोव्यात घ्या. डोंगरात तेव्हा फार थंडी असते.

मग हिमनदी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादीत भारतीय हिमालयातल्या ९,५७५ हिमनद्या आहेत. दडपून जाऊ नका. बहुतेकींवर मोजमाप करायला कोणी फिरकलेलंच नाही, मग तुम्हीच कशाला नवा पायंडा पाडता? लाहौल-स्पितीतली छोटा शिग्री घ्या. तिथे २००२ पासून बर्फाचा जमाखर्च मांडला जातोय. वाफेच्या ड्रिलने बर्फात खोल भोक पाडायचं, त्यात बांबू रोवायचा आणि उन्हाळा सरल्यावर पुन्हा चढून जाऊन तो किती उघडा पडला ते मोजायचं. वर्षानुवर्षं. असं करणाऱ्यांविषयी मनापासून आदर बाळगा आणि त्यांचे आकडे मागून घ्या. तुमचं अनुदान तीन वर्षांचं, आणि हवामानाची साधी सरासरी काढायची तर तीस वर्षं धरतात. यात दोष अर्थातच हवामानाचा.

नदीचं पाणी वाढलं की घटलं, या भानगडीत पडू नका. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा यांच्या प्रवाहाचे आकडे सरकारदरबारी गोपनीय असतात. करारात मात्र ‘माहितीची मुक्त देवाणघेवाण’ हे कलम हवंच. परदेशी भागीदारांना बरं वाटतं.

भाकीत करताना साल जपून निवडा. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता छापली आणि जानेवारी २०१० मध्ये खेद व्यक्त केला. विधानाला पुरावा नव्हता, हे झालंच. पण २०३५ म्हणजे लिहिणारे हयात असतानाच की! २१०० धरा.

राहता राहिला स्थानिकांचा सहभाग. त्याला जेवणाआधीची दहा मिनिटं पुरतात. खोऱ्यातल्या एखाद्या गावच्या माणसाला मंचावर बसवा, शाल घाला, इंग्रजी स्लाइड दाखवा. तो हमखास विचारेल, “वर हिमनदीच्या पाण्याचं साचलेलं तळं फुटलं तर आम्हाला कळणार कसं?” सांगा, इशारायंत्रणा दुसऱ्या टप्प्यात आहे.

यात खोटं काही नाही. सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनक तळ्याचा धोका शास्त्रज्ञांनी २०१३ मध्येच लिहून ठेवला होता. २०१६ मध्ये तिथे पाइप टाकून पाणी उपसून पाहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅमेरा आणि हवामानाची यंत्रं बसली. भोंगे वाजवणारी यंत्रणा पुढे व्हायची होती. ३ ऑक्टोबरच्या रात्री तळं फुटलं, आणि चुंगथांगचं तीस्ता-३ धरण, १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं, वाहून गेलं. वर चढून यंत्रं लावणारे काही झोपले नव्हते. पण तळ्याला टप्पे कोणी कळवलेच नव्हते.

तुमच्या पुढच्या प्रस्तावात ‘तातडीची गरज’ या मथळ्याखाली हे सगळं आयतं बसतं. मुखपृष्ठावर फोटो उपग्रहाने टिपलेलाच घ्या. त्यात माणसं दिसत नाहीत, त्यामुळे त्यांची परवानगीही लागत नाही.